खिडकीकडची खाट

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, 'भाड्याने देणे आहे'च्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. त्यामुळे त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं ही एक शिक्षाच असते. जरा पुढे गेलो की थांबतात, मान वाकडी करतात आणि म्हणतात, "बघ, 'क'चं पोट कसं सुटलंय." आमचं लग्न ठरत होतं तेव्हा हे पहिल्यांदा घरी आले, तर बाबांनी भावी जावयाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या शर्टाच्या खिशावर छापलेलं कंपनीचं नाव वाचलं आणि "अक्षरं फार दाटीवाटीने बसवलीत" असा शेरा मारला. ह्यांना वाटलं, नकार आला.

अशा माणसाने हॉस्पिटलच्या वॉर्डच्या दारावरची नवी कोरी पाटी वाचली आणि अक्षरांबद्दल चकार शब्द काढला नाही, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलं होतं: 'रुग्णांनी आपसात खाटा बदलू नयेत. जिवाला धोका संभवतो.' अक्षरं भिकार होती, मलासुद्धा कळत होतं. बाबांनी ती दोनदा वाचली, काठी फिरवली आणि म्हणाले, "घरी चल."

"अहो बाबा, आपलाच नंबर आहे. डॉक्टर आत बसलेत. पाय दाखवायचाय ना?"

"ही पाटी माझ्यासाठी लावलीय," ते म्हणाले. "चल."

आणि ते खरंच निघाले. साखरेच्या आजाराने टाचेला झालेली जखम घेऊन, लंगडत, माझ्या पुढे. मी मागून ओरडत राहिले. मी बसवर कंडक्टर आहे, माझा आवाज सगळ्या वॉर्डने ऐकला असणार. बाबांनी मात्र ऐकला नाही.

त्यांच्यासाठी म्हणजे काय, ते सांगते.

त्याआधी बाबा त्याच वॉर्डात होते. पुरुषांचा वॉर्ड, दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीवर काळ्या रंगात आकडा आणि पायथ्याच्या दांडीला अडकवलेला कागद. बाबांची खाट नऊ नंबरची, खिडकीला लागून. शेजारी दहा नंबरवर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणायला लागलो, बाबा आणि बाकी वॉर्ड घड्याळजी. वय बाबांएवढंच, पण अंगाने काडी. पोटाचं काहीतरी जुनं दुखणं होतं. जेवण जात नव्हतं, उठून बसायलाही आधार लागायचा. त्यांची बायको रोज दुपारी यायची. ती फाटकातून आत शिरली की खिडकीतून दिसायची. पण खिडकी होती बाबांकडे. काकांच्या वाट्याला समोरचा खांब आला होता.

मग बाबा त्यांना सांगायचे. "आल्या हो. फाटकाशी थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता पहारेकऱ्याशी बोलतायत. निघाल्या." आणि काका डोळे मिटून ऐकायचे. कुणी रेडिओवर सामना ऐकावा तसे.

एक दिवस बाबाच त्यांना म्हणाले, "मला काय करायचीय खिडकी? बाहेरच्या पाट्या दिसतात आणि डोकं उठतं. तुम्ही या इकडे. तुमची बायको तुम्हीच बघा, मी किती दिवस परक्या बाईकडे बघत बसू?" वॉर्ड हसला. समोरच्या रांगेतल्या दोघांनी हातभार लावला आणि काकांना खिडकीशी आणलं. उशा बदलल्या, पाण्याच्या बाटल्या बदलल्या, चष्मे ज्याचे त्याच्याकडे गेले. दांडीवरचे कागद बदलायचं कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. दुखणेकऱ्यांना काय ठाऊक, की इथे माणूस म्हणजे खाट आणि खाट म्हणजे आकडा?

संध्याकाळी पाळी बदलली. जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला सांगितलं, नऊ नंबरला जेवणाआधी इन्सुलिनची सुई. येणारी सिस्टर वयाने लहान, चुणचुणीत. सगळे तिला धाकटी सिस्टर म्हणायचे. ती ट्रे घेऊन आली, दांडीवरचा कागद वाचला आणि खिडकीशी झोपलेल्या माणसाला म्हणाली, "नऊ नंबर, हात पुढे करा." काकांनी झोपेतच हात पुढे केला.

साखरेचा आजार नसलेल्याला, पोटात अन्न नसलेल्याला इन्सुलिन दिलं की काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. रक्तातली साखर उतरत जाते. घाम फुटतो, ग्लानी येते आणि बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला जरा झोप लागली. सकाळी काका उठले नाहीत. त्याच सकाळी बाबांची साखर भलतीच चढलेली निघाली, तेव्हा कुठे उलगडा झाला. काकांना मशीनवर ठेवलं. पण ते परत आले नाहीत.

पुढे हॉस्पिटलने दोन गोष्टी केल्या. धाकट्या सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, आणि ही पाटी लावली. झालं. खापर फोडायला एक डोकं मिळालं आणि उरलेलं खापर लाल रंगात दारावर टांगलं.

बाबा घरी आल्यापासून मिठाची गुळणी धरून बसले होते. मला वाटलं होतं, दुःख आहे, ओसरेल. पाटी वाचून परतल्यावर मात्र त्यांनी जखमेलाही हात लावू देईनासं केलं. दार लावून स्वतःच पट्टी बदलायचे आणि "बरी होतेय" म्हणायचे. बरी कसली होतेय! खोलीत शिरलं की वास यायचा. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, अजून उशीर केला तर पाय काढावा लागेल, आणि त्याहून उशीर झाला तर पायावर भागणार नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात चला म्हटलं, तर त्यालाही नकार. ह्यांनी समजावलं. मी आधी समजावलं, मग भांडले, मग रडले. माझा क्रम नेहमी तोच असतो.

"बाबा, तुम्हाला पाय नकोय का?"

"घड्याळजींना काय काय हवं होतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी गणवेशातच हॉस्पिटलात गेले. त्या वॉर्डच्या सगळ्या नर्सेसवर एक मेट्रन आहेत. त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. अंगाने बारीक, बोलणं हळू. त्यांच्या खोलीत शिरले ती तोंडाचा पट्टा सोडतच.

"ती पाटी काढा. माझा बाप तिच्यामुळे मरायला टेकलाय. चूक तुमची, आणि जाहीर बोभाटा कुणाचा, तर ज्याने शेजाऱ्याला खिडकी दिली त्याचा! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय? माणसाला नंबराने हाका मारता तुम्ही. नाव विचारायला जीभ झिजते का?"

मोठ्या सिस्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली होती, पण मला उभ्यानेच भांडता येतं. माझा श्वास संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही बसमध्ये प्रवाशांना काय म्हणून हाक मारता?"

मी म्हणते, 'ए बाजार, चला उतरा', 'शाळावाले, पुढे सरका'. ज्याला जिथे उतरायचं, ते त्याचं नाव. भरलेल्या गाडीत दुसरं काय करणार?

"पण माझ्या गाडीतून चुकीच्या ठिकाणी उतरलेला माणूस चालत परत येतो," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचा येत नाही." आणि मग, "पाटी मलाही नकोय. ती ऑफिसने लावली. मी आज ती काढायला लावू शकते. पण पाटी काढली तर तुमचे वडील येतील?"

मला खरं उत्तर ठाऊक होतं. म्हणून मी तेव्हा खुर्चीत बसले.

त्यांनी सांगितलं, त्या दिवशी जे जे होतं त्या सगळ्यांना त्यांना एका टेबलाभोवती बसवायचं आहे. शिक्षेसाठी नाही. शिक्षेची चौकशी ऑफिस करतंच आहे, आणि तिथे जो तो आपली मान सोडवण्यापुरतं बोलतो. त्यांना हवं होतं ते एवढंच, की त्या संध्याकाळी कुणाला काय दिसलं आणि कुणी काय केलं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सगळ्यांनी मिळून ऐकावं. "घड्याळजींच्या पत्नी येणार आहेत," त्या म्हणाल्या. "धाकटी सिस्टर येणार आहे. डॉक्टर येतील. तुमच्या वडिलांशिवाय ती गोष्ट अर्धी राहते."

"ते येणार नाहीत."

"त्यांना एवढंच सांगा, की ते आले नाहीत तरी आम्ही बसणार आहोत. आणि ऑफिसच्या कागदावर सध्या एकटीचंच नाव आहे."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग म्हणाले, "त्या पोरीला काढून टाकणार?"

"तसंच दिसतंय."

"एकटीला?"

"एकटीला."

ते उठून बसले आणि म्हणाले, "माझा बरा शर्ट कुठाय?"

बैठक हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीशी एकावर एक रचलेल्या जास्तीच्या खुर्च्या. वॉर्डच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मोठ्या सिस्टरांनी आम्हाला मागच्या लिफ्टने नेलं. मला ते फार बरं वाटलं, आणि माझा राग पहिल्यांदा जरा उतरला.

घड्याळकाकांच्या पत्नी, काकू, आधीच येऊन बसल्या होत्या. मांडीवर तीच पिशवी. बाबा त्यांना बघून दारातच थबकले. काकूंनी मान हलवली. ये म्हणणारीही नव्हती आणि जा म्हणणारीही नव्हती. बाबा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. धाकटी सिस्टर साध्या कपड्यांत होती. गणवेशाशिवाय ती अगदी कॉलेजातली मुलगी वाटत होती. वॉर्डचे डॉक्टर शेवटी आले आणि पेनशी चाळा करत बसले.

"कुणी 'मी असं करायला हवं होतं' म्हणायचं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "काय केलं आणि काय दिसलं, तेवढंच सांगायचं. ते ऐकून झालं की मग पुढचं बघू."

धाकटी सिस्टर पहिली बोलली. तिने पाळी बदलताना काय ऐकलं ते सांगितलं, कागद वाचल्याचं सांगितलं. "मी म्हटलं, नऊ नंबर, हात पुढे करा. त्यांनी हात पुढे केला." इथे तिचा आवाज फुटला. "त्यांनी केला ना हात पुढे. म्हणून मला वाटलं, तेच." मोठ्या सिस्टरांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. पण थांबवलं नाही, आणि 'असू दे' असंही म्हटलं नाही.

मग डॉक्टर. ते खाली बघूनच बोलले. म्हणाले, "मीसुद्धा सकाळी येतो तो 'नऊ कसा आहे, दहाला जेवण गेलं का' असं विचारतच येतो. रुग्ण खूप असतात. आकडा पटकन लक्षात राहतो." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं ते मृत्यूच्या दाखल्यावर सही करताना."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. डॉक्टरांचा मला राग यायला हवा होता, आला नाही. एवढं कोण कबूल करतं?

"तुम्ही?" मोठ्या सिस्टर बाबांना म्हणाल्या.

बाबांनी खिडकीची हकिगत सांगितली. मला ती पाठ होती. खाटा बदलल्या, काकांनी बायकोला येताना पाहिलं, हात हलवला. मला वाटलं, एवढ्यावर संपेल. पण बाबा थांबले आणि काठीची मूठ दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "अजून आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला रोज संध्याकाळी सुई असायची. मला सुईची लहानपणापासून भीती. ही हसते मला," म्हणजे मी. "त्या संध्याकाळी मी बाहेर व्हरांड्यात पाय मोकळे करायला गेलो होतो. परत आलो तर जेवण आलं, पण सुई काही आली नाही. मी वाट बघितली. पोरगी एकदा समोरून गेली, दोनदा गेली. मला कळत होतं की माझी सुई राहिलीय." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी बोललो नाही. मला गंमत वाटली. मनात म्हटलं, बरी विसरली, आज सुटलो. हसलो मी. अंगावर पांघरूण घेऊन हसलो. एक हाक मारली असती, 'अगं पोरी, माझी सुई राहिली', तर तिला तेव्हाच कळलं असतं, की मग दिली कुणाला. तेव्हा ते वाचले असते. खाट काय, खाट मी पुन्हा देईन. पण ते बाजूला मरत होते आणि मी पांघरुणात हसत होतो."

इतके दिवस मी पाटीशी भांडत होते आणि माझ्या बापाला टोचत होतं ते पाटीवर लिहिलेलंच नव्हतं.

काकू बोलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"संध्याकाळी मी खालून औषधं घेऊन परत आले तेव्हा ते झोपले होते," त्या म्हणाल्या. "कपाळावर घाम होता. पदराने पुसला. परत आला, परत पुसला. म्हटलं, ताप उतरतोय. जेवण वाढणारी बाई ताट घेऊन आली. म्हणाली, उठवू का त्यांना? मी म्हटलं, नको. किती दिवसांनी शांत झोपलेत. झोपू द्या."

त्यांनी पिशवीचा बंद सरळ केला. मग पुन्हा म्हणाल्या, "मीच म्हटलं, झोपू द्या."

धाकटी सिस्टर हुंदके देऊन रडायला लागली. डॉक्टर उठून खिडकीशी गेले. मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसायची काही गरज नव्हती.

जरा वेळाने त्या म्हणाल्या, "इथे बसलेल्या प्रत्येकाकडे त्या संध्याकाळचा एकेक तुकडा होता. कुणाचा तुकडा कुणाला ठाऊक नव्हता. आता बोला. काय असतं तर हे मध्येच कुठेतरी अडलं असतं?"

मग धाकटी सिस्टर नाक पुसत म्हणाली, "नाव. हात पुढे करा म्हणायच्या आधी नाव विचारलं असतं तर. मी सांगून त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायचं नाही, त्यांनी स्वतः सांगायचं." डॉक्टर म्हणाले, नाव कागदावर नको, मनगटावर बांधूया, माणूस खाट बदलतो, मनगट बदलत नाही. काकू म्हणाल्या, "घरच्यांना सांगा, कशाला घाबरायचं ते. घाम आला तर कुणाला बोलवायचं ते मला कुणी सांगितलं असतं, तर मी ताटवालीला परत पाठवलं नसतं."

"आणि दुखणेकऱ्याला सांगा," बाबा म्हणाले, "की औषध राहिलं तर बोंब मार."

"ते पाटीवर लिहूया का?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही पाट्या रंगवता ना?"

बाबांनी मान हलवली. "साहेब, मी 'येथे थुंकू नये' किती भिंतींवर लिहिलं असेल. त्याच अक्षरांवर लोक नेम धरून थुंकतात. पाटीवर माझं पोट चाललं, तिला नावं ठेवत नाही. पण पाटी लावली की लावणाऱ्याला वाटतं, काम झालं. तोंडाने विचारा, तोंडाने सांगा. रोज."

खोलीत कुणीतरी हसलं, बहुतेक मीच. रडताना मला हसू येतं, लहानपणापासून खोड आहे.

काकू उठल्या. पिशवी खांद्याला लावून टेबलाला वळसा घालून बाबांच्या समोर आल्या. बाबा काठीवर जोर देऊन उभे राहायला लागले.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसलात, ते ऐकून मला वाईट वाटलं. ते मी विसरेन असं सांगत नाही." बाबांनी मान खाली घातली. "पण त्या दुपारी मी फाटकातून आत आले, वर बघितलं, तर खिडकीत हे. हात हलवत होते. लग्नानंतर मला बघून हात हलवणारा माणूस नव्हता तो. मी वेड्यासारखी फाटकात उभी राहून हात हलवला. ती खिडकी तुम्ही दिलीत." त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे वळून बघितलं. "ती पाटी आजच्या आज काढा. ती वाचली की वाटतं, त्यांना खिडकी मिळाली हेच चुकलं."

आणि जाता जाता दारातून, बाबांच्या बुटाकडे बघून म्हणाल्या, "पायाचा वास येतोय. दाखवून घ्या."

बाबा त्याच दिवशी भरती झाले.

पाय वाचला. सडणं बोटांपर्यंत पोचलं होतं, दोन बोटं गेली. टाचेची जखम साफ करायला बराच वेळ लागला, आणि भरायला त्याहून जास्त. वॉर्डच्या दारावर पाटीच्या जागी आता भिंतीचा फिकट चौकोन आहे, चार कोपऱ्यांना चार भोकं. धाकटी सिस्टर कामावर परतली. ऑफिसने तिला ताकीद दिली, नोकरी ठेवली. त्या बैठकीतलं सगळं एका दिवसात झालं असं नाही. मनगटाच्या पट्ट्या यायला वेळ लागला, आणि पहिल्या आल्या त्या पाण्याने सुटायच्या. काही सिस्टर नाव विचारायला कंटाळायच्या, काही म्हातारे विचारल्यावर चिडायचे. बाबा त्यातले पहिले.

"नाव सांगा," धाकटी सिस्टर म्हणायची.

"अगं, मला ओळखत नाहीस?"

"ओळखते. तरी सांगा."

मग बाबा आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं सांगायचे, शाळेत हजेरी देतात तसं. आणि हात पुढे करताना डोळे घट्ट मिटायचे. सुईची भीती काही गेली नाही.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. जेवणाची गाडी वॉर्डच्या दाराशी आली आणि बाबा एकदम ओरडले, "माझी सुई राहिली!" असे ओरडले, की समोरच्या रांगेतला एक माणूस दचकून उठला. माझा आवाज कुणावर गेलाय ते मला तेव्हा कळलं.

धाकटी सिस्टर वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होती. तिचा चेहरा पांढरा पडला. हातातलं ठेवून ती धावत आली, पण बाबांकडे नाही. ती आधी डाव्या-उजव्या खाटांकडे गेली, एकेकाला नाव विचारलं, मनगट बघितलं, ट्रेमधली बाबांची सुई तशीच भरलेली आहे हे बघितलं. कुणाला काही गेलं नव्हतं. तिला नुसता उशीर झाला होता, एका नव्या रुग्णामुळे.

"आत्ता देणारच होते," ती म्हणाली. "पण ओरडलात ते बरं केलंत."

बाबांनी बाही वर केली आणि ती विचारायच्या आत आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून त्या माणसाचंही सांगितलं. "तो झोपलाय," ते म्हणाले. "त्याचं औषध आहे ना आता? नाव मला पाठ आहे, दे तू."

"नाही," ती म्हणाली.

तिने बाबांना सुई दिली, कापूस दाबून धरला, आणि मग शेजारच्या खाटेशी जाऊन त्या झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलवून जागं केलं.